रकाना चौथा

म्हापशाच्या कोर्टासमोर, झेरॉक्सवाल्याच्या पत्र्याखाली
माझं टेबल. एक पाय आखूड,
त्याखाली जुन्या मतदारयादीची घडी.
अर्ज तीस रुपये, प्रतिज्ञापत्र साठ,
कोलवाळच्या मुलाखतीचा फॉर्म दहा.
त्यातला चौथा रकाना मी फुकट भरते,
कारण तिथेच सगळ्यांची जीभ अडते.

चौथा रकाना: सध्या कुठे.

एस्परांस म्हणते, भितर आसा.
एवढंच. कशाच्या भितर, ते नाही.
जणू घोव मधल्या खोलीत सदरा बदलतोय
आणि हाक मारली तर येईल.

डिचोलीची शेवंती गावस पोराला सांगून आलेली,
बाबा बोटीवर आहे.
गोव्यात हे खपतं. अर्धा बार्देश बोटीवर असतो.
पोरगा विचारतो, बोट कुठे पोचली?
ती दर महिन्याला एक बंदर शिकते.
या खेपेला मलाच विचारलं:
लिस्बनच्या पुढं काय असतं?

रेतीवाल्याचा भाऊ हसत सांगतो, सरकारी पाहुणचार.
वकील म्हणतात, जेसीत आहे.
पेपरात मोठ्या टायपात जेरबंद,
जो शब्द बिबट्यालाही लावतात,
आणि खाली बारीक अक्षरात नाव, वय, राहणार अमुक.
राहणार!
जो आता तिथे राहत नाही.

माझे काका मात्र तुरुंगवास भोगलेले.
पंचावन्न साली, आग्वादला, सतरा महिने.
त्यांच्या आत जाण्याला वास जोडलाय, वनवासासारखा,
भिंतीवर चौकट आहे, एकोणीस डिसेंबरला हार आहे.
कोठडी तीच होती, ढेकूणही त्याच वंशाचे.
काकाच सांगायचे, तुरुंग हा शब्द फिरंग्यांकडूनच आला म्हणतात,
त्रोंकु, म्हणजे झाडाचं खोड.
आपल्याकडेही खोडावरूनच खोडा.
दोन्ही भाषांना माणूस अडकवायला
आधी एक झाड पाडावं लागलं.
ज्याने कोंडलं त्याचाच शब्द तोंडात घेऊन
काका त्याच्याविरुद्ध भाषणं करत.

मला आपले घरातले शब्द ठाऊक.
कोंबडी डालतात. चुकार गाय कोंडवाड्यात जाते.
मांडवीच्या पुलावर कोंडी होते, आणि बसमधले सगळे
मोबाईलवर सांगतात, अडकलोय.
बाळंतीण मोकळी होते. शाळा सुटते.
फणसाचा चीक सुटत नाही.

एस्परांसच्या रकान्यात मी लिहिते
मध्यवर्ती कारागृह, कोलवाळ.
एकदा तिने शेवटच्या अक्षरांवर बोट ठेवलं, वाचलं,
गृह. हें घर न्हय?
मी म्हटलं, लिहायची पद्धत असते.
तिने दहाची नोट दिली, सुट्टे मागितले नाहीत,
सुट्टे नव्हतेच परत द्यायला.

साडेपाचला टेबल उलटं करते,
साखळीने खांबाला बांधते, पोंबुर्फ्याची बस धरते.

आई गेल्या वर्षी दोनदा हरवली.
एकदा चोडणच्या फेरीत सापडली,
अनवाणी, चार खेपा झाल्या होत्या तिच्या,
तिकीट कुणी मागितलं नव्हतं.
तेव्हापासून सकाळी निघताना
मी बाहेरून कडी लावते.
शेजारी विचारतात, आई कुठे?
मी सांगते, घरी आहे.
शुद्धलेखनाची चूक नसलेलं वाक्य.

कडी वाजली की आतून तिचा आवाज,
सुटलें गो?

हो, म्हणते. आज वेळेवर.
चपला काढते, चहाला पाणी ठेवते.
सकाळी तिला तांदूळ निवडायला दिले होते,
तांदूळ तसेच आहेत. खडे तेवढे
खिडकीच्या चौकटीवर मांडलेत,
एकापुढे एक, ओळीने.

हल्ली मी दिवा जरा उशिराच लावते.